गादी कापली होती की शिवली होती? गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची १०-१५ वर्षं

डोंगरभटक्या
मंडळी, धागा काढू की नको करत दोन महिने गेले, शेवटी आज बसलोच. २०११ च्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडावरून टोलार खिंडीकडे उतरताना उजवा पाय दोन दगडांत अडकला आणि मी वरून फिरलो, पाय मात्र तिथेच. गुडघ्यात कट्ट झालं ते मागच्या मित्राला ऐकू गेलं म्हणतो, पण तो कायच्या काय पण सांगतो. एमआरआय, मग पुण्यात दुर्बिणीतून ऑपरेशन, सकाळी ॲडमिट संध्याकाळी घरी, गुडघ्यावर दोन तिळाएवढे व्रण बस्स. तेव्हा मी ३१ वर्षांचा. पंधरा दिवसांत ऑफिस, तीन महिन्यांत राजमाची. फिजिओचे चार सेशन झाले, पाचव्याला गेलोच नाही कारण दुखतच नव्हतं.

दहा वर्षं गुडघ्याची आठवणही आली नाही. गेले दोन पावसाळे मात्र उतरणीचा ट्रेक झाला की रात्री गुडघा टम्म, दोन दिवस जिना एकेक पायरी. नवीन डॉक्टरांकडे गेलो, उभं राहून एक्स-रे काढला तर बाहेरच्या बाजूची दोन हाडांमधली फट थोडी कमी झालीय म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं की तेव्हा गुडघ्यातली गादी शिवली होती की कापून काढली होती, काढली तर किती आणि कुठल्या बाजूची. मी गप्प. अहो चौदा वर्षं मी लोकांना "गादीचं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगत आलोय! ते हॉस्पिटलही आता बंद झालंय.

तर ज्यांच्या ऑपरेशनला बरीच वर्षं झालीत त्यांनी लिहा. गुडघा कसा आहे, मांडी घालता का, ट्रेक करता का. "झालं एकदाचं, सहा आठवड्यांत बरे व्हाल" याच्या पुढचं कोणी सांगतच नाही.

मीठमिरची
वाचतेय. माझं मागच्या वर्षी झालंय, मलापण माहीत नाही काय केलं. फाईल शोधते आधी.

फिजिओताई
चांगला धागा. मी १६ वर्षं फिजिओथेरपी करतेय, दहातले सात पेशंट तरी "काय केलं" या प्रश्नाला "दुर्बीण" असं उत्तर देतात. दुर्बीण म्हणजे आत शिरायचं दार झालं, आत जाऊन काय केलं ते वेगळं.

आधी एक घोळ मिटवू. आपण मराठीत कूर्चा, गादी, वंगण, वाटी सगळं एकात एक घालतो. गुडघ्यात कूर्चा दोन प्रकारची. एक हाडांच्या टोकांवर चढवलेला पांढरा गुळगुळीत थर, शहाळ्यातल्या मलईसारखा दिसतो पण चांगला टणक, तिला आर्टिक्युलर कार्टिलेज म्हणतात. दुसरी म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीच्या हाडामध्ये बसवलेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या, आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक, ते मेनिस्कस, आपली गादी. गादी भार पसरवते. ती कमी झाली की तेवढाच भार त्या पांढऱ्या थरावर छोट्या जागेत येतो आणि थर झिजायला लागतो, पण लगेच नाही, दहा-पंधरा-वीस वर्षांनी. त्या थराला रक्तवाहिन्याही नाहीत आणि दुखणं कळवणाऱ्या नसाही नाहीत, म्हणून झिजताना दुखत नाही आणि झिजलं की आपोआप भरून येत नाही. दुखायला लागतं तोवर बरंच झालेलं असतं.

गादीलाही रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, आतल्या भागाला नाही. म्हणून कडेला फाटली तर शिवता येते, आतल्या भागात फाटली तर बहुतेकदा फाटका तुकडा काढतात. भटक्या, तुमची बाहेरच्या बाजूची चकती फाटली असेल तर जास्त जपायला हवं. बाहेरच्या कप्प्यात नडगीच्या हाडाचा माथा फुगीर असतो, गोलावर गोल ठेवल्यासारखं, तिथे गादीच सगळं सांभाळून घेते.

जुनं_खोड
मी इथला सगळ्यात म्हातारा रुग्ण असेन. फुटबॉल खेळायचो, १९८१ साली गुडघा उघडून (दुर्बीण वगैरे नाही, इतका लांब टाका, नात विचारते आजोबा तलवार लागली का) आतली गादी अख्खी काढली. तेव्हा पद्धतच तशी होती, फाटली की पूर्ण काढा, नाहीतरी तिचा उपयोग काय. खरं तर फेअरबँक नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं की गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पुढे बदलत जातात, फट कमी होते, हाडाला कंगोरे येतात. पण लिहिणं आणि ते गावोगावच्या ऑपरेशन टेबलापर्यंत पोचणं यात चाळीसेक वर्षं जातात हो.

वीस वर्षं मस्त गेली. मग दहा वर्षं बरी. मग पाय धनुकलीसारखा बाहेर वाकत गेला, ही म्हणायची तुम्ही बोटीवरच्या खलाशासारखे चालता. २०१८ ला बदलला गुडघा. नशीब त्याच्या आदल्या वर्षी सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतीला लगाम घातला होता, साधा कोबाल्ट-क्रोमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. आता दुखत नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, कमोड आणि खुर्ची. दोन वर्षांपूर्वी वारीत पुणे ते सासवड टप्पा चाललो, दिवे घाट चढलो आणि सासवडहून एसटीने गुपचूप घरी.

मीठमिरची
काका __/\__
म्हणजे तुमच्या वाट्या बदलल्या ना?

जुनं_खोड
सगळे तेच म्हणतात. वाटी माझी मलाच ठेवलीय, बदलले ते वाटीमागचे हाडांचे पृष्ठभाग. "वाट्या बदलल्या" हा शब्द कोणी रुजवला त्याला एकदा भेटायचंय.

रेडर_७
मी सांगलीकडचा, कबड्डी. २०१४ मध्ये चढाईत पकड बसली आणि गुडघा आत गेला. एसीएल (गुडघा आतून बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलं आणि गादी बादलीच्या कडीसारखी फाटून मध्ये अडकली, पाय सरळच होईना. लिगामेंट नवीन टाकलं, गादी शिवली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं सहा आठवडे ९० अंशाच्या पुढे वाकवायचा नाही आणि मॅटवर नऊ महिने पाय ठेवायचा नाही. मी साडेचौथ्या महिन्यात उतरलो. का तर गावची जत्रा, आणि समोरची टीम ती. ज्याला कबड्डी कळते त्याला यापुढे सांगायला नको.

दुसऱ्या चढाईत टाके गेले. परत ऑपरेशन, या वेळी शिवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, कापली. आता ३४ चा आहे, पोरांना शिकवतो, थंडीत सकाळी गुडघा धरतो, जिना उतरताना कटकट वाजतो. एक्स-रे माझ्या वडिलांच्या एक्स-रेपेक्षा वाईट आहे हे डॉक्टर हसत बोलले पण मला हसू आलं नाही. शिवलेली गादी म्हणजे कलम केलेला आंबा समजा पोरांनो, लागलं की नाही हे वरून दिसत नाही आणि हलवून बघायचं नसतं.

सासूबाईंची_सून
आमच्याकडे उलटी गोष्ट. सासूबाई ५८, नाशिकला असतात, कुठे पडल्या नाहीत की झडल्या नाहीत. खाली बसून गहू निवडत होत्या, उठताना गुडघ्याच्या मागे टक्क आवाज आला आणि जीव गेल्यासारखं दुखलं. एका ठिकाणी दाखवलं तर वयाप्रमाणे झीज आहे म्हणून गोळ्या नि मलम, एमआरआय नाही काही नाही. पाच महिने तसेच गेले. मग दुसरीकडे एमआरआय केला तर गादीचं मूळच उपटलंय म्हणे, रूट टिअर. आता शिवून उपयोग नाही, खालच्या थराची बरीच झीज झालीय असं म्हणाले. हे वेळेत कळलं असतं तर काही झालं असतं का? रोज हाच विचार डोक्यात येतो. त्या मात्र म्हणतात जाऊ दे गं, गहू तरी निवडून झाले होते.

फिजिओताई
सासूबाई भारी आहेत :)
सूनबाई, वेळेत कळलं तर काहींना मूळ परत हाडाला बांधून देतात हे खरं, पण सगळ्यांना नाही. वजन, पायाचा बाक, आधीची झीज बघून ठरतं, त्यामुळे तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या आपल्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं, उकिडवं बसून उठताना. मूळ सुटलं की गादी दिसायला अख्खी असते पण भार आला की बाहेर सरकते, म्हणजे खिळा निघालेली पट्टी, असून नसल्यासारखी. म्हणून वाचणाऱ्यांना सांगते, गुडघ्याच्या मागे टक्क आवाज आणि त्यानंतर अचानक चालणं अवघड झालं तर वयावर ढकलू देऊ नका, एमआरआयचं विचारा.

आता सासूबाईंसाठी मांडीचे स्नायू, वजन आणि पायात बाक असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणं. अजून बरीच वर्षं काढता येतात.

साधासरळ
एवढं सगळं वाचून मला तरी एकच कळलं, ऑपरेशन करूच नये. माझ्या मामांना गादी फाटलीय सांगितलं होतं, दीड लाख खर्च सांगितला. गावाकडे एकजण तेल देतो, तीन महिने लावलं, आता शेतात जातात. डॉक्टर लोकांचं दुकान आहे सगळं.

फिजिओताई
साधासरळ, तुम्हाला हाणून पाडणार नाही कारण अर्धं बरोबर बोलताय. फिनलंडमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये छापून आला, ३५ ते ६५ वयाचे १४६ पेशंट, गादी झिजून फाटलेली पण संधिवात नाही. अर्ध्यांची फाटकी गादी खरोखर कापली, अर्ध्यांना दुर्बीण घालून फक्त तपासलं आणि पेशंटला कळू नये म्हणून कापल्याचं नाटक केलं. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच बरे. म्हणजे मामा तेलाशिवायही बरे झाले असते, तीन महिने शेतात हिंडत-फिरत राहिले हाच त्यांचा व्यायाम. तेल चोळायला माझी ना नाही, चोळून घ्यायला बरं वाटतंच.

पण हे झिजून फाटलेल्या गादीचं. रेडरभाऊंसारखी अडकून पाय सरळ होत नसेल तर तेल काय करणार? भटक्यांसारखं तरुण वयात पिळवटून फाटलं तर तेही वेगळं प्रकरण. एका मामावरून सगळ्या गावाचं गणित करू नका.

साधासरळ
बरं. दीड लाखाचं तरी बरोबर बोललो ना.

गोथेनबर्गकर
उशिरा आलो. मी स्वीडनात असतो, गोथेनबर्गला, नोकरीनिमित्त. माझं गादीचं नाही, त्या पांढऱ्या थराचं. स्कीइंग शिकायला गेलो (कोणी सांगितलं होतं!), मांडीच्या हाडावरचा थर नाण्याएवढा उडाला. इथल्याच डॉक्टरांनी, ब्रिटबर्ग आणि पीटरसन मंडळींनी, १९९४ मध्ये पहिल्यांदा २३ पेशंटचा रिपोर्ट दिला होता, पेशंटच्याच कूर्चेच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत खड्ड्यात लावायच्या. मी त्याच गावात पडलो हे नशीब म्हणायचं. २०१६ मध्ये दोन ऑपरेशनं झाली, आधी दुर्बिणीतून कणभर तुकडा काढला, मग काही आठवड्यांनी वाढवलेल्या पेशी लावल्या. मग दोन महिने कुबड्या. आई इथे आली होती, तिने मला मांडी घालून जेवताना पकडलं तेव्हा जे बोलली ते इथे लिहीत नाही.

नऊ वर्षं झाली. सायकल रोज, पोहणं आठवड्याला दोनदा. धावणं मी स्वतःच सोडलं. डॉक्टर एकच सांगतात, नवीन थर आला तो टिकवणं तुझ्या मांडीच्या स्नायूंच्या हातात.

भारतात मित्राला मायक्रोफ्रॅक्चर सांगितलंय, म्हणजे हाडाला बारीक भोकं पाडून आतलं रक्त वर आणायचं. ते कसं असतं, कोणाला अनुभव?

फिजिओताई
ते स्टेडमन नावाच्या अमेरिकन सर्जनने रूढ केलं, स्वस्त आणि एकाच ऑपरेशनमध्ये होतं म्हणून जगभर पसरलं. भोकांतून आलेल्या रक्ताच्या गाठीतून नवा थर तयार होतो पण तो मूळचा नाही, डागडुजीचा. पक्क्या फरशीच्या जागी सिमेंटचा गिलावा, कामचलाऊ. छोटा खड्डा, तरुण पेशंट, वजन आटोक्यात असेल तर पहिली काही वर्षं छान जातात, पुढे अनेकांना परत त्रास होतो. मित्राला विचारा खड्डा किती मोठा आहे, दोन चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. आणि नंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही हे त्याला जमणार आहे का तेही विचारा, कारण तिथेच घाण होते.

मीठमिरची
फाईल सापडली! गादी शिवलीय, दोन टाके. आणि मी तीन महिन्यांपासून झुंबा करतेय :(

फिजिओताई
वर्ष झालंय, सूज नाही ना? मग रडू नका. पण त्या उड्या मारत गिरक्या घेणं जरा मला दाखवून मग.

रेडर_७
ताई, ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेऊ का? आणि ते रक्त काढून फिरवून गुडघ्यात टोचतात ते? एक इंजेक्शन दहा हजार सांगितलंय.

फिजिओताई
गोळ्या लिहून देणं न देणं डॉक्टरांचं काम, मी फक्त वाचलेलं सांगते. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००६, १५८३ पेशंट, एकूणात खोट्या गोळीपेक्षा फार काही हाती लागलं नाही. पीआरपीचा, म्हणजे ते रक्त फिरवून टोचतात त्याचा, ऑस्ट्रेलियातला २०२१ चा अभ्यास २८८ जणांवर, वर्षभरानंतर सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा वेगळं काही दिसलं नाही. यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहेत, काही पेशंट बरं वाटलं म्हणतात. पण तुमचे दहा हजार असतील तर मी म्हणेन चांगले बूट घ्या, वर्षभराची जिम लावा आणि उरलेल्याचे आंबे खा.

वजनाचं गणित मात्र फुकट आहे. जाड आणि गुडघे झिजलेल्या लोकांवर मोजलेलं आहे, एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. दिवसाला पाच हजार पावलं धरा आणि करा हिशोब.

भटक्या, एक काम करा. टेप घ्या, वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर खूण करा, दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि इथे लिहा.

डोंगरभटक्या
उजवी ४६, डावी ४८.५. मी तीनदा मोजलं. चौदा वर्षं मी एका पायाने ट्रेक करतोय असं दिसतंय.

फिजिओताई
वाटलंच मला. ते जे पाचवं सेशन बुडवलं ना, तिथून हे सुरू झालं. दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नसतं, मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यात थोडी जरी सूज आली तरी आपोआप झोपी जातो आणि मुद्दाम उठवल्याशिवाय उठत नाही. दुसरा पाय बिनबोभाट त्याचं काम करतो म्हणून तुम्हाला कळलं नाही. उतरताना स्नायूने ब्रेक लावायचा असतो, तो लावत नाही म्हणून सगळा दणका सांध्यात जातो, चढताना त्रास नाही आणि उतरताना सूज ते यामुळेच असावं.

खुर्चीवरून एका पायाच्या जोरावर उठणं-बसणं, पायरीवरून सावकाश उतरणं, कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू. आठवड्यातून तीनदा, कंटाळा येईल इतके दिवस. व्यायामानंतर दुखलं तरी चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं पाहिजे आणि सूज येता कामा नये, आली तर एक पायरी मागे. समोरासमोर बघून घ्या कोणाकडून तरी, मी इथून तुमचा गुडघा बघू शकत नाही.

सासूबाईंची_सून
मांडी घालायची का नाही याचं कोणी नीट सांगा ना, सासूबाई पूजेला पाटावरच बसतात, ऐकत नाहीत.

जुनं_खोड
पाटाखाली चौरंग घाला. देव उंची मोजत नाही.

फिजिओताई
काकांशी सहमत. टाके ताजे असताना मांडी आणि उकिडवं बंदच. वर्षानुवर्षं झालेल्यांना, दुखत नसेल आणि सूज येत नसेल तर थोडा वेळ मांडी चालते, त्याने गुडघा फुटत नाही. मूळ सुटलेल्यांनी मात्र खोल वाकणं टाळा, विशेषतः तिथून वजन घेऊन उठणं. गव्हाची पाटी ओट्यावर.

डोंगरभटक्या
अपडेट, साडेतीन महिन्यांनी. माळ्यावर फाईल मिळाली, आईने लग्नाच्या अल्बममध्ये ठेवली होती, का ते तिलाच माहीत. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय उजवा गुडघा, बाहेरची गादी, पार्शल मेनिसेक्टॉमी. म्हणजे कापलीच. सोबत ऑपरेशनची सीडी होती, घरात सीडी चालणारं एकही यंत्र नाही, शेवटी भाच्याच्या कॉलेजातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बघितली. गादीच्या कडेला पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी लोंबत होतं आणि ते यंत्र खात खात गेलं, मागे पांढरास्वच्छ थर, अगदी ओल्या खोबऱ्यासारखा. ३१ वर्षांचा माझा गुडघा. भाचा म्हणाला मामा रडतोयस का, म्हटलं नाही रे, धूळ आहे.

नवीन डॉक्टरांना कार्ड दाखवलं. म्हणाले हे आधी मिळालं असतं तर बरं, पण फट अजून बऱ्यापैकी आहे, दरवर्षी उभा एक्स-रे काढू, पोट कमी कर. पोट पाच किलोने कमी झालंय. उजवी मांडी ४७.३.

परवा सिंहगड केला, दोन काठ्या घेऊन, उतरताना मुद्दाम सगळ्यांच्या मागे. रात्री सूज नाही. पुढच्या महिन्यात राजगड, चढ-उतार दोन्ही पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी, गुंजवण्याकडची चोर दरवाज्याची वाट यंदा नाही. कोणी येतंय का?

रेडर_७
मी येतो. पण मी तुमच्याही मागे उतरणार.

मीठमिरची
मीपण! झुंबा सोडलाय.

जुनं_खोड
मी पायथ्याला पिठलं-भाकरीची ऑर्डर देऊन बसतो. खुर्ची असलेलं हॉटेल बघा फक्त.